कामगाराचे मृत्युपत्र आणि वकील

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा बोनस, कंत्राटी पद्धत किंवा कारखानाबंदी असे काहीतरी ऐकावयास मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही 'मृत्युपत्र' म्हणताच ते जरा घुटमळले. वसंतातल्या संध्याकाळी लोक चार घटका मोकळ्या हवेत बसावयास येतात, त्यांना मरणाच्या गोष्टी कशाला सांगता, असा त्यांचा भाव होता. त्यावर आम्ही इतकेच म्हणालो की, गेली तीस वर्षे युनियनच्या कचेरीत बसून आम्ही पुष्कळ भांडणे पाहिली. मालकाशी झालेल्या भांडणांपैकी काही जिंकली, काही हरलो, पण बहुतेक कधी ना कधी मिटली. कामगार मेल्यावर त्याच्या घरात जी भांडणे उभी राहिली, त्यांपैकी मिटलेली मात्र एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. चिटणीस समंजस गृहस्थ आहेत. त्यांनी विषय लिहून घेतला.

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. १९८२ चा गिरणी संप सुरू झाला तेव्हा आमचे वडील साचेखात्यात होते. त्या संपात वडिलांची गिरणी सुटली आणि आमची शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते रात्रशाळेत आणि युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांवर. अशा रीतीने शिकलेल्या माणसाला एक खोड लागते. आरोपपत्राचे उत्तर आम्हीच लिहितो, मागणीपत्र आम्हीच लिहितो, कामगार न्यायालयात सभासदाची बाजूही आम्हीच मांडतो. युनियनच्या पदाधिकाऱ्याला कायद्याने ती मुभा आहे. मग हळूहळू असे वाटू लागते की, वकील हा केवळ ज्यांना कायदा वाचता येत नाही त्यांच्यासाठी असतो. ही खोड आम्हांस चांगलीच जडली होती. ती कशी मोडली हे सांगावयाचे तर प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहिले पाहिजे.

मृत्युपत्राचा कायदा म्हणजे १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम. तो वाचावयास बसले की पहिल्या वाचनात माणूस खूश होतो. मृत्युपत्र करणारा सज्ञान असावा आणि त्याची बुद्धी शाबूत असावी. मृत्युपत्र लेखी असावे, खाली त्याची सही किंवा अंगठा असावा आणि निदान दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. झाले. अमुकच नमुना पाहिजे असे नाही, ठरावीक कायदेशीर शब्द वापरलेच पाहिजेत असे नाही. स्टँप पेपर लागत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. आणि वकील लागतो असे तर कुठेच लिहिलेले नाही. शाळेच्या वहीच्या रेघी पानावर लिहिलेले मृत्युपत्रही कायदेशीर ठरू शकते. मग वकिलाला पैसे कशासाठी मोजावयाचे? आम्हीही हेच म्हणत असू, आणि मोठ्या ऐटीत म्हणत असू.

२००९ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचा एक सभासद, जातिवंत फिटर, आजारी पडून रुग्णालयात होता. त्याची बायको फार वर्षांपूर्वी गेली, तेव्हा दोन्ही मुलगे लहान होते. त्यांना सांभाळण्यासाठी त्याची धाकटी बहीण रत्नागिरीकडच्या गावाहून महिन्याभरासाठी म्हणून आली, ती पंचवीस वर्षे राहिली. मुलांची ती आत्या, म्हणून आम्हा सगळ्यांचीच आत्या. संपाच्या काळात, टाळेबंदीच्या काळात तिच्या हातचे पिठले-भात न खाल्लेला कार्यकर्ता आमच्यात शोधून सापडणार नाही. कारखाना बंद झाल्यावर स्वेच्छानिवृत्तीचे जे पैसे आले त्यांतून फिटरने डोंबिवलीला एक खोली आणि स्वयंपाकघर अशी जागा घेतली. रुग्णालयात आम्हांस जवळ बोलावून तो म्हणाला, "भाऊ, पोरं वाईट नाहीत. पण आपण गेल्यावर कुणाचं काय सांगावं? आत्याला त्या खोलीतनं कुणी उठवू नये, एवढं लिहून दे."

आम्ही त्या रात्री जागून मृत्युपत्र लिहिले. आजही ते वाचले तर भाषा बरी आहे असे आम्ही म्हणू. आत्याच्या कष्टांविषयी एक परिच्छेद तर असा साधला होता की, फिटरने तो ऐकला आणि डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी भेटीची वेळ संपता संपता त्याची सही घेतली. परिचारिका घाई करीत होती. कागद घेऊन आम्ही कचेरीत आलो, आणि संध्याकाळी कमिटीचे दोन सभासद आले तेव्हा साक्षीदार म्हणून त्यांच्या सह्या घेतल्या. दोघेही त्याला वीस वर्षे ओळखणारे, दोघेही चोख माणसे. कागद कपाटात ठेवला. त्यानंतर नऊ दिवसांनी फिटर गेला.

पुढे थोरल्या मुलाला कर्ज झाले आणि त्याला खोली विकावयाची होती. प्रकरण कोर्टात गेले. मृत्युपत्र कोर्टापुढे सिद्ध करावयाचे तर, साक्षीदार हयात व सापडण्याजोगा असेल तर, निदान एकाला पिंजऱ्यात उभे करावे लागते. आमच्या दोघांपैकी एक तोवर वारला होता. दुसरा आदल्या संध्याकाळी आमच्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, काय सांगू?" आम्ही म्हणालो, "झालं तेच सांग." त्याने तेच सांगितले. सही तुमच्यासमोर झाली का? नाही. ही सही माझी आहे असे मयताने स्वतः तुम्हांस सांगितले का? नाही, भाऊंनी सांगितले. तुम्ही सही केलीत तेव्हा मयत समोर होते का? नाही, आम्ही युनियनच्या कचेरीत होतो.

या तीन उत्तरांत मृत्युपत्र संपले. कलम ६३ नुसत्या दोन सह्या मागत नाही. प्रत्येक साक्षीदाराने एकतर मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिले पाहिजे, नाहीतर त्याच्याच तोंडून 'ही माझी सही' अशी कबुली ऐकली पाहिजे, आणि मग त्याच्यासमोर आपली सही केली पाहिजे. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असावेत असेही बंधन नाही. आत काय लिहिले आहे हे त्यांना ठाऊक असण्याचीही गरज नाही. आम्ही ते कलम वाचले होते. पण वाचणे निराळे आणि त्यातला प्रत्येक शब्द कोर्टात कसा उभा राहतो हे ठाऊक असणे निराळे. नऊ दिवस हातात होते. कचेरीपासून रुग्णालय रिक्षाने पंधरा मिनिटांवर होते. दोघांना खाटेशी नेऊन नवा कागद करता आला असता, आणि तसे करावे हे सांगणारा माणूस आम्ही विचारलाच नव्हता.

मृत्युपत्र गेले की कायद्याची वाटणी येते. हिंदूंच्या बाबतीत (यात बौद्ध, जैन, शीख आलेच) ती १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने होते. पुरुष मृत्युपत्राशिवाय वारला तर विधवा, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस, प्रत्येकी एक हिस्सा. बहीण दुसऱ्या वर्गात. पहिल्या वर्गातला एकजण जरी असला तरी तिला काही मिळत नाही. पंचवीस वर्षांचा स्वयंपाक कायदा मोजत नाही. हाउसिंग सोसायटीत फिटरने आत्याला नॉमिनी लावले होते, म्हणून आम्ही दुप्पट निर्धास्त होतो. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. खोली दोघा मुलग्यांची झाली, विकली गेली. मुलगे खरोखरच वाईट नव्हते, त्यांनी आत्याला थोडी रक्कम दिली. ती गावी गेली. आम्हांस तिने एका शब्दाने बोल लावला नाही, आणि त्याचेच ओझे अधिक आहे.

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही तो कागद घेऊन मुंबईत फोर्टमध्ये एका वयोवृद्ध सॉलिसिटरांकडे गेलो. सॉलिसिटर म्हणजे काय ते येथे सांगितले पाहिजे, कारण हा शब्द मुंबईबाहेर फारसा ऐकू येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत पूर्वी दोन प्रकारचे कायदेपंडित असत. सॉलिसिटर अशिलाला भेटे, कागद तयार करी. कोर्टात उभा राही तो दुसरा. १९७७ च्या जानेवारीपासून हा भेद कायद्याने संपला आणि सारे ॲडव्होकेट झाले. तरी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा टिकून राहिली आणि दस्तऐवजांचे काम करणारे जुने लोक ते नाव लावीत आले. मृत्युपत्रासाठी सॉलिसिटरच पाहिजे असे मुळीच नाही. मिळकतीच्या कामात मुरलेला तालुक्याचा वकीलही तितकाच उपयोगी. फक्त रोज फौजदारी कोर्टात दिसणाऱ्या ओळखीच्या वकिलाकडे, केवळ ओळखीचा म्हणून, जाऊ नये. दाढ दुखते तेव्हा आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात नाही.

त्या गृहस्थांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "भाषा फार छान आहे." आम्ही गप्प बसलो. मग ते म्हणाले, "साक्षीदारांचं जाऊ द्या, ते समजलं. ही खोली तुम्ही आत्याला दिलीत, की नुसती राहावयास दिलीत?" आम्ही म्हणालो, राहावयास. "तसं इथे लिहिलेलं नाही, आणि दिली असंही लिहिलेलं नाही. तिच्यामागे कोणाची? सोसायटीचं मासिक देणं कोणी भरायचं? ती भावाच्या आधी गेली असती तर? हे सगळं अमलात आणणारा माणूस, एक्झिक्युटर, कोण?" एकाही प्रश्नाचे उत्तर कागदात नव्हते. साक्षीदार बरोबर असते तरी भांडण टळले नसते, निराळे झाले असते.

वकिलाचे खरे काम लिहिण्याचे नाही, विचारण्याचे आहे, हे आम्हांस त्या तासाभरात कळले. आपण विचार करतो तो सगळे ठीक होईल असे धरून. वकील विचार करतो तो काय बिघडेल हे धरून, कारण बिघडलेली मृत्युपत्रेच त्याच्यापुढे येतात. हा त्याचा अनुभव आपण विकत घेतो; टायपिंगचे पैसे देत नाही. रजिस्ट्रार कचेरीबाहेर झाडाखाली बसलेला टायपिंगवाला अर्ध्या तासात मृत्युपत्र हातात देतो. त्याचा नमुना चुकीचा असतोच असे नाही, पण तो काहीही विचारीत नाही. मागच्या गिऱ्हाइकाचे नाव खोडून तुमचे घालतो.

आता वकील जे विचारतो त्यातले सगळ्यांत महत्त्वाचे: जे तुम्ही देऊ म्हणता ते देण्याजोगे तुमचे आहे का? याबाबतीत आमच्या लोकांची समजूत फार गोंधळलेली असते. चाळीतली भाड्याची खोली घ्या. बापाने पागडी भरून घेतली, चाळीस वर्षे भाडे भरले, म्हणून तो ती धाकट्याच्या नावे मृत्युपत्रात लिहितो. परंतु भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही. मुंबईच्या जुन्या भाडे कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तसे स्पष्ट केले, आणि महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातही भाडेकरूच्या मागे हक्क येतो तो मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला. म्हणजे बापाने काय लिहिले यापेक्षा खोलीत कोण राहत होते, रेशनकार्ड कोठले होते, याला महत्त्व येते. हे वेळीच कळले तर बाप दुसऱ्या मुलाला अन्य काही देऊन तोल साधू शकतो. मेल्यावर कळले तर दोन भाऊ जन्माचे वैरी होतात. असे वैरी झालेले भाऊ आम्ही एकाच खात्यात, एकाच पाळीत, एकमेकांशी न बोलता काम करताना पाहिले आहेत.

गावच्या जमिनीचे असेच. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, तीन चुलते, वाटप कधी झालेले नाही, आणि आमचा सभासद 'माझी दोन एकर' असे लिहून मोकळा होतो. एकत्र कुटुंबातला आपला अविभक्त हिस्सा हिंदूला मृत्युपत्राने देता येतो, ही गोष्ट खरी; पण तो हिस्सा किती हे कोण ठरविणार? त्यात महाराष्ट्राने १९९४ साली व सर्व देशाने २००५ साली कायदा बदलून मुलींना जन्मतः मुलांइतकाच हक्क दिला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आणखी स्पष्ट केला. लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीचे नाव विसरून केलेली वाटणी आता टिकत नाही. वकील पहिल्या भेटीतच विचारतो, "बहिणी किती?" पुष्कळांना हा प्रश्न आवडत नाही. आम्हांस तो फार आवडतो.

फंड, ग्रॅच्युइटी, पेन्शन यांविषयी थोडक्यात. प्रॉव्हिडंट फंडाची कचेरी मृत्युपत्र बघत बसत नाही, तिच्या फॉर्मवर ज्याचे नाव त्याला पैसे देते. कुटुंब असताना परक्याचे नाव घातले तर ते नामनिर्देशन तेथे चालत नाही. कुटुंब-पेन्शन कोणास हे योजनाच ठरविते, ते मृत्युपत्राने देता येत नाही. तेव्हा मृत्युपत्र करावयास जाण्यापूर्वी हे फॉर्म एकदा काढून पाहावेत. विम्याच्या बाबतीत १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नॉमिनी हा केवळ पैसे उचलणारा हात आहे, पैसे वारसांचे. २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी व मुले नॉमिनी असतील तर त्यांच्यापुरता हा नियम बदलला. हे सारे लक्षात ठेवावे असे आम्ही म्हणत नाही. हे लक्षात ठेवणे ज्याचा धंदा आहे त्याला विचारावे.

एका वाक्याने किती फरक पडतो याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. पुष्कळ जण लिहितात, 'पत्नीने हयातीपर्यंत उपभोग घ्यावा, तिच्यामागे मुलांस जावे.' वाक्य सरळ दिसते. पण १९५६ च्या कायद्याचे कलम १४ असे की, पत्नीच्या पोटगीच्या हक्कापोटी जर तिला मिळकत दिली असेल, तर कागदावर 'हयातीपर्यंत' लिहिले तरी ती पूर्ण मालक होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली हे तत्त्व ठामपणे मांडले. आमच्या मते पत्नी पूर्ण मालक झाली तर वाईट काहीच नाही. पण नवऱ्याच्या मनात एक, कागदावर दुसरे आणि कायद्यात तिसरे, असे असू नये. त्याचे निस्तरणे तिलाच करावे लागते.

धर्म बदलला की नियम बदलतात, हेही युनियनमध्ये काम करणाऱ्याने ध्यानात ठेवले पाहिजे, कारण आमच्या सभासदांत सगळे आहेत. मुसलमान सभासद सामान्यतः आपल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापलीकडे वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने देऊ शकत नाही. ख्रिस्ती व पारशी माणसाने मृत्युपत्र केल्यावर लग्न केले तर जुने मृत्युपत्र आपोआप रद्द होते. आणि ज्याला काही द्यावयाचे त्याला किंवा त्याच्या पती-पत्नीला साक्षीदार केले तर त्याचे देणे बुडते. हिंदूच्या बाबतीत बुडत नाही, पण संशय मात्र हमखास येतो. गोव्याकडच्या माणसाचा कायदा तर निराळाच; तेथे मुले असतील तर निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव असते आणि उरलेल्या निम्म्यापुरतेच मृत्युपत्र चालते. आम्ही डोंबिवलीच्या फिटरसाठी लिहिलेला नमुना एका म्हापशाच्या टर्नरला द्यावयास निघालो होतो, हे आज आठवले की घाम फुटतो.

संशयाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे नाव कामगार चळवळीत कोणी विसरणार नाही. पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे ते अध्यक्ष होते. पण मृत्युपत्राच्या कायद्यातही त्यांचा एक निकाल पायाचा दगड मानला जातो, हे आम्हांस त्या सॉलिसिटरांकडून कळले. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या या निकालात त्यांनी संशयास्पद परिस्थिती म्हणजे काय ते सांगितले. सही कापरी असणे, करणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर असल्याबद्दल शंका असणे, वाटणी अस्वाभाविक दिसणे, आणि ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतलेला असणे. असे काही असेल तर मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याने तो संशय दूर करून न्यायालयाच्या मनाचे समाधान केले पाहिजे.

यावरून वकिलाचा दुसरा उपयोग ध्यानात येईल. तो तिऱ्हाईत असतो. आमच्या घरांत मृत्युपत्र होते कसे? ज्या मुलाकडे म्हातारा राहतो तो मुलगा कागद आणतो, तोच वाचून दाखवितो, त्याचाच मेव्हणा साक्षीदार. म्हाताऱ्याची इच्छा अगदी खरी असेल, पण दुसरा मुलगा कोर्टात हेच बोट दाखवितो. उलट म्हातारा स्वतः वकिलाकडे गेला, एकटा बोलला, आठवड्याने मसुदा वाचून दोन दुरुस्त्या सांगितल्या आणि मग सही केली, तर वकिलाच्या फायलीत या सगळ्याची खूण राहते. मोठ्या मुलीला कमी का दिले, बहिणीला जास्त का दिले, याचे कारण दोन ओळींत लिहिले जाते. वय झाले असेल तर वकील डॉक्टरचा दाखला जोडावयास सांगतो. अंथरुणाला खिळलेल्यासाठी दुय्यम निबंधकांना घरी बोलाविण्याची सोय नोंदणी कायद्यात आहे, तीही तोच सांगतो. नोंदणी केल्याने मृत्युपत्र आपोआप खरे ठरत नाही, पण कागद हरवत नाही आणि बदलला असे कोणी म्हणू शकत नाही, म्हणून ती करावी. स्टँप नाही, फी किरकोळ आहे. शिवाय आपण जिवंत असेतो मृत्युपत्र हवे तितक्या वेळा बदलता येते. बक्षीसपत्राचे तसे नाही. मुलाच्या आग्रहाने घर बक्षीसपत्राने देऊन मग जिन्याखाली झोपणारे निवृत्त कामगार आम्ही पाहिले आहेत. 'सही कशावर करतोयस' एवढे विचारणारा तिऱ्हाईत त्यांना भेटला नाही.

वकिलांची बाजू इतकी घेतली म्हणून त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही असे समजू नये. काहींना इंग्रजीत लिहिल्याशिवाय वजन आले असे वाटत नाही. आपल्याला मराठी कळत असेल तर मृत्युपत्र मराठीतच मागावे. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करणे हे मृत्युपत्रच काय, कुठल्याच कागदाबाबत बरे नाही. फी किती, त्यात मसुद्याच्या दुरुस्त्या आल्या की नाहीत, नोंदणीला सोबत येणार की नाही, हे आधी विचारावे. यात लाजण्यासारखे काही नाही; आपण मालकाशी रुपया-रुपयासाठी बोलतोच. फी मुलाने भरू नये, स्वतः भरावी. आणि ज्याला ते शक्यच नाही त्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी की, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत कायदेशीर सेवा मिळण्यास जे पात्र आहेत त्यांत औद्योगिक कामगार आहेत, सर्व स्त्रिया आहेत, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आहेत. त्या सेवेत कायद्याचा सल्लाही येतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाची कचेरी असते. तिच्या दारात कामगार फार थोडे दिसतात, आणि यात दोष आम्हा युनियनवाल्यांचा आहे. आम्ही कधी सांगितलेच नाही.

जाताना काय न्यावे? घराचा करार व सोसायटीचा भागदाखला, जमिनीचा सातबारा, बँकेची पासबुके, विम्याची पॉलिसी, फंडाचा क्रमांक, कर्ज असेल तर त्याचा कागद. कर्ज लपवू नये. देणे आधी फिटते, मग वाटणी. घरातल्या सगळ्यांची नावे न्यावीत, बोलणे नसलेल्यांचीसुद्धा. मुंबई शहरातली मिळकत असेल तर प्रोबेटविषयी आजचा नियम काय ते वकिलाला विचारावे. तेथे वर्षानुवर्षे प्रोबेटची सक्ती होती, म्हणून जुन्या माणसांच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

आमचे स्वतःचे मृत्युपत्र त्याच सॉलिसिटरांनी केले. साक्षीदार म्हणून आम्ही कमिटीतले दोन जुने सहकारी सुचविले. त्यांनी दोघांची वये विचारली आणि नकार दिला. "तुमच्यामागे पिंजऱ्यात उभे राहायचेत ते. तुमच्याहून वीस वर्षांनी लहान आणा, आणि पत्ता न बदलणारे आणा." म्हणून आमच्या मृत्युपत्रावर एका तरुण शाळामास्तराची आणि आमच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानदाराची सही आहे. दोघांनीही आम्हांस सही करताना पाहिले, आणि आम्ही दोघांना. त्या दिवशी आम्ही जरा जास्तच बारकाईने पाहत होतो.

आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी युनियनच्या कचेरीत एक वकीलबाई येऊन बसतात. आम्ही लिहीत नाही, फक्त चहा सांगतो आणि कागद लावून ठेवतो. कोणी म्हातारा आला की त्याच्याबरोबर मुलगा, सून, कधी जावई असतोच. बाई चष्मा पुसता पुसता सगळ्यांकडे पाहून हसतात आणि म्हणतात, "काका तेवढे थांबा. बाकीच्यांनी जरा बाहेर बसा." बाहेर व्हरांड्यात त्यासाठी आम्ही एक बाकडे टाकले आहे. पूर्वी ते रुग्णालयात निघालेल्या लोकांना बसावयास असे. रविवारी ते भरलेले असते.